“यस सर” टाइप करू नकोस

बेटा,

परवा इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना तू जे बोललीस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात गर्दीत काही दिसत नाही, लेक्चरला बसायचं ते ७५ टक्के अटेंडन्ससाठी (प्रॅक्टिकलला तर ८०), आणि खरा अभ्यास रात्री ॲपवर, दुप्पट स्पीडने. सर म्हणतात मोबाइलने वाट लावली, सीनियर म्हणतात वॉर्ड म्हणजे टाइमपास. बरोबर कोण?

मला त्या भांडणात रसच नाही. मी एवढंच विचारेन, स्टेथोतून ऐकू आलं नाही तेव्हा तू नाही म्हणालीस का?

२०२० च्या लॉकडाऊनमधे मी झूमवर मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद होण्याचा आजार, शिकवला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मागे काकूच्या कुकरच्या शिट्ट्या, समोर शंभरेक काळे चौकोन. त्यातल्या मर्मरचं, म्हणजे हृदयाच्या जादा आवाजाचं, रेकॉर्डिंग लावलं, विचारलं, आलं का ऐकू? चॅटवर धडाधड यस सर, यस सर. एकीनेच लिहिलं, सर काहीच येत नाहीये. मी म्हटलं नेटवर्क बघ तुझं, आणि पुढे सरकलो. नंतर कळलं की तो मर्मर इतका खालच्या पट्टीतला असतो की लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला झेपत नाही, वर झूमचं नॉइज सप्रेशन, ते त्याला पंख्याची घरघर समजून गाळून टाकू शकतं. म्हणजे बहुतेकांना काही ऐकूच गेलं नव्हतं. एकच पोरगी खरं बोलली आणि मी तिलाच गप्प केलं. तिचं नावही आठवत नाही, ते जास्त खुपतं.

आता मी तरी काय करणार होतो? कॉलेजने एक लिंक पाठवली, उद्यापासून ऑनलाइन शिकवा म्हणाले, ट्रेनिंग शून्य, माझं वय ५८. असो.

पण ही ऑनलाइनचीच खोट आहे असं समजू नकोस. सेकंड एमबीबीएसला पेशंटला डाव्या कुशीवर वळवून एक स्टेथो बारा जणांत फिरला, बाराही जणांनी मान डोलावली, त्यात मी पण. मला तो मर्मर खरा ऐकू आला इंटर्नशिपमधे, रात्री दोन वाजता, एका बाईंना श्वास सोडून थांबायला सांगितलं, स्टेथोची बेल, ती वाटीसारखी बाजू, नुसती टेकवली, दाबली की तो आवाज जातो, आणि लांबून ट्रक जावा तसं काहीतरी घरघरलं. तोपर्यंत तीन वर्षं खोटी मान! तेव्हा नाही म्हणायला काय जात होतं माझं?

ॲप बघ की, जरूर बघ, मी कुठे अडवतोय. १८१६ मधे लेनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून पहिला स्टेथो बनवेपर्यंत डॉक्टर छातीलाच कान लावायचे, मग स्टेथो पण सोडायचा का? फक्त चांगले हेडफोन घे, आणि मर्मर दुप्पट स्पीडने ऐकू नकोस गं वेडाबाई, हृदय सैलावतं तो डायस्टोलच, ज्यात हा मर्मर येतो, अर्धा झाला तर त्यात ऐकणार काय? नाही कळलं की नाही म्हण. सरांसमोर, ग्रुपवर, पेशंटसमोरसुद्धा. सर चिडतील. मी पण चिडलो होतो, चिडू देत.

रविवारी स्टेथो घेऊन घरी ये. माझा एऑर्टिक व्हॉल्व्ह, हृदयातली दुसरी एक झडप, आता वयाने कडक झालाय, मर्मर आहे, उजवीकडे बरगड्यांमधल्या दुसऱ्या फटीत शोध. नाही सापडला तर काकूचे पोहे खाऊन परत शोधू.

तुझा काका