जुन्या ब्रिटिश लष्करी कोटाचा मूळ मालक कसा शोधायचा?

तुमचा कोट दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा आहे, आत आडनाव आणि एकच आद्याक्षर वाचता येतंय, तेवढ्यावरून माणूस सापडेल का, असं तुम्ही विचारलंय. सापडू शकतो. फक्त लगेच आडनाव शोधत सुटू नका, एका आडनावाचे शेकडो निघतात. आधी कोटावरून रेजिमेंट, हुद्दा आणि साल काढा.

अधिकारी गणवेश शिंप्याकडून शिवून घेत, त्यामुळे छातीच्या आतल्या खिशात बहुधा शिंप्याचं लेबल असतं. खिसा पूर्ण उलटा करा. दुकानाच्या नावाखाली हाताने लिहिलेलं गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख सापडते. अक्षरं उडाली असतील तर ओलं फडकं लावू नका, उरलीसुरली शाईही जाईल. अंधार करून ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा. जुनी लोहयुक्त शाई हा प्रकाश शोषून घेते, म्हणून फिकट अक्षरं गडद दिसतात.

मग खांद्याच्या पट्ट्या पाहा. तीन तारे म्हणजे कॅप्टन, नुसता मुकुट म्हणजे मेजर. आता मुकुट असेल पण खाली ताऱ्यांची तीन जुनी छिद्रं असतील, तर याच कोटात बढती झाली असण्याची शक्यता मोठी. कॉलरवरच्या बिल्ल्यांवरून रेजिमेंट कळते. डाव्या खिशावरच्या पदकांच्या फिती काढून टाकलेल्या असल्या तरी टाक्यांची भोकं राहतात. बहुतेक फिती ३२ मिलिमीटर रुंद असतात, तेव्हा ओळीची लांबी मोजून किती होत्या याचा अंदाज येतो. मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाची पांढरी-जांभळी-पांढरी फीत असेल तर नशीबच म्हणायचं, कारण ज्यांना ते पदक मिळालं त्यांची नावं ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात छापलेली आहेत.

गॅझेट इंटरनेटवर फुकट शोधता येतं. युद्धकाळातल्या नोंदीत नावापुढे कंसात अधिकाऱ्याचा क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. एकाच नावाचे दोघे त्यावरूनच वेगळे करता येतात. शिपायाचा अधिकारी झाला की नवा क्रमांक मिळे, त्यामुळे जुना क्रमांक जुळला नाही तरी माणूस बाद करू नका. जोडीला ‘आर्मी लिस्ट’, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांची छापील यादी चाळा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तिचे बरेच खंड स्कॅन करून ठेवलेत.

बटणांवर फार भिस्त ठेवू नका, ती सर्रास बदललेली असतात. १९४३च्या कोटावर एलिझाबेथ राणीच्या काळातला मुकुट दिसला, तर एक तर मालक १९५२नंतरही नोकरीत होता किंवा विकणाऱ्याने बटणं लावली. दोऱ्याचा रंग आणि जुन्या टाक्यांच्या खुणा पाहून ठरवा. अस्तरावर नाटक-सिनेमांना कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानाचा शिक्का असेल, तर बिल्ल्यांचा पुरावा सोडूनच द्या.

बिल्ले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे किंवा दुसऱ्या भारतीय पलटणीचे निघाले तर ‘इंडियन आर्मी लिस्ट’ आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचे) कागद बघा. ब्रिटिश रेजिमेंट असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजकडे, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जा. दुसऱ्या महायुद्धातल्या सेवेच्या फायली संरक्षण खात्याकडून टप्प्याटप्प्याने तिथे येत आहेत. फाइल मागवायच्या अर्जात पूर्ण नाव, क्रमांक आणि जन्मतारीख जितकी नेमकी द्याल तितकी योग्य फाइल लवकर हाती लागेल.