सावळ्या हातांवर नवे रंग करून बघताना: बाटलीवर विसंबू नका, आणि जेलचं किट सध्या राहू द्या

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. दुकानात बाटलीत आवडलेला नेलपॉलिशचा रंग तुमच्या सावळ्या हातांवर घरी वेगळाच दिसतो, दोन दिवसांत टवके उडतात, आणि म्हणून ऑनलाइन मिळणारं जेलचं (दिव्याच्या प्रकाशात कडक होणाऱ्या नेलपॉलिशचं) दिव्यासकटचं किट घ्यावं का. तिसऱ्याचं उत्तर आधी देते: सध्या घेऊ नका. कारण पुढे सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. पहिल्या दोन्ही अडचणी साध्या नेलपॉलिशमध्येच सुटतात, आणि नवे रंग करून बघण्याची खरी मजाही तिथेच आहे.

बाटलीत तुम्हाला रंगाचा जाड थर दिसतो. नखावर त्याचे दोन पातळ थर बसतात, खालून नखाचा गुलाबीपणा डोकावतो आणि शेजारी तुमच्या कातडीचा रंग असतो. त्यात दुकानातला पांढरा झगझगीत दिवा. बाटलीतला आणि बोटावरचा रंग जुळला तर तो योगायोग. यावर उपाय म्हणजे पारदर्शक नकली नखांचं एक पाकीट आणायचं. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळतं, ऑनलाइनही मिळतं. प्रत्येक नव्या रंगाचे दोन पातळ थर एकेका नकली नखावर लावा, मागच्या बाजूला रंगाचा नंबर लिहून ठेवा. वाळलं की ते आपल्या नखावर धरून आधी खिडकीशी बघा, मग रात्री घरच्या दिव्याखाली बघा. नकली नखं नसतील तर पारदर्शक चिकटपट्टीवर लावलं तरी चालतं. सगळं नख रंगवून, न आवडल्यावर पुसून, परत रंगवून नखं कोरडी पाडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सावळ्या हातांना गडद रंग शोभत नाहीत, हे कुणी सांगितलं असेल तर कृपया मनावर घेऊ नका. मला तर सगळ्यात देखणी दिसतात ती सावळ्या बोटांवरची जांभळी, मोरपंखी, राणी आणि गर्द हिरवी नखं. पैठणीच्या दुकानात जे रंग तुम्ही खांद्यावर टाकून बघाल ते बेधडक नखांवर बघा. लाल घेताना मात्र दोन लाल शेजारशेजारच्या बोटांवर लावून बघा, एक केशरी झाक असलेला आणि एक निळसर झाक असलेला. बाटलीत ते जवळपास सारखे वाटतात, हातावर त्यांतला एक लगेच आपला वाटतो. घोटाळा होतो तो ‘न्यूड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फिक्या रंगांत. त्यातले बरेचसे गोऱ्या कातडीला धरून केलेले असतात, त्यांत पांढरा बराच मिसळलेला असतो, आणि सावळ्या हातावर ते खडूसारखे पांढुरके दिसतात. तुमच्या कातडीपेक्षा एखादी छटा गडद घ्या. दालचिनी, गूळ, विटकरी, दूध कमी घातलेली कॉफी या वाटेने शोधा. ऑफिसला साधं काही हवं असेल तर यातलंच एखादं कायमचं होऊन जाईल.

आता टवके. नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ, इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकांत विरघळवलेला, आणि त्यात रंगद्रव्य. ते ‘वाळतं’ म्हणजे द्रावक उडून जातं आणि मागे पापुद्रा उरतो. एकच जाड थर दिला की वर साय धरते आणि आतलं ओलंच राहतं. मग रात्री चादरीच्या सुरकुत्या नखावर उमटतात आणि दुसऱ्या दिवशी टोकापासून पोपडे निघतात. थर पातळ द्या, दोन थरांत काही मिनिटं जाऊ द्या, आणि हाताला वाळलेलं लागलं तरी पुढचे काही तास भांडी घासणं, कणीक मळणं टाळा. बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे येतात. दोन तळव्यांत धरून फिरवा.

लावण्याआधी नखं पाण्यात भिजवायची सवय असेल तर ती सोडा. नख पाणी शोषून किंचित फुगतं, मग सुकून आकसतं, आणि वरचा पापुद्रा सैल होतो. रंग नसला तरी नख रिमूव्हरच्या बोळ्याने पुसून घ्या, तेलकटपणा जातो. मग बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर. गडद लाल आणि निळे रंग नखात उतरून डाग ठेवतात, ते बेस कोटमुळे बरेच टळतात. शेवटी टॉप कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, लावताना ब्रश नखाच्या पुढच्या कडेवरूनही फिरवा. टवका तिथूनच सुरू होतो. हे एवढं केलंत तरी फरक दिसेल. फिक्या रंगांबाबत आपल्या घरात एक खास अडचण असते: हळद. आमटी-भात हाताने कालवून खाल्ला की पांढरी, मोतिया नखं पिवळी पडतात. असे रंग लग्नकार्याच्या आदल्या संध्याकाळी लावा, किंवा पायांना लावा.

नवीन प्रॉडक्ट्समध्ये पैसे कुठे घालावेत असं विचाराल तर आधी मॅट, म्हणजे चमक घालवणारा, टॉप कोट घ्या. तुमच्याकडे आहे त्या प्रत्येक चमकदार रंगाचं त्याने दुसरं रूप होतं. गर्द हिरव्यावर तर जरूर बघा. चुंबकाने नक्षी करायचं नेलपॉलिश घरी करायला फार मजेशीर आहे. त्यात लोहयुक्त बारीक कण असतात, ओल्या थराजवळ चुंबक काही सेकंद धरला की ते एका रेषेत सरकतात. थर ओला असतानाच चुंबक धरायचा, त्यामुळे एकेक नख पुरं करत जा. चमकीचं नेलपॉलिश लावायला सोपं, काढायला चिवट. रिमूव्हरमध्ये भिजवलेला बोळा नखावर ठेवून वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, दहाएक मिनिटांनी अलगद ओढा. खरवडू नका.

जेलचं सांगते. ते द्रावक उडून वाळत नाही. त्यात अ‍ॅक्रिलेट जातीचे सुटे रेणू असतात, दिव्याच्या अतिनील किंवा जवळपासच्या प्रकाशात ते एकमेकांना जोडले जाऊन कडक होतात. दिवा त्या जेलला साजेसा नसेल, थर जाड असेल, वेळ कमी पडला, तर वरून कडक वाटूनही आत सुटे रेणू उरतात. शिवाय शिकाऊ हाताने जेल कडेच्या कातडीला लागतंच. असं पुन्हा पुन्हा झालं की अ‍ॅलर्जी जडू शकते: खाज, फोड, नख सुटणं. ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. हीच जात दातांच्या काही फिलिंगमध्ये आणि सांधे बदलताना वापरल्या जाणाऱ्या बोन सिमेंटमध्ये असते, म्हणून गोष्ट नखांपुरती राहत नाही. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरगुती किटबद्दल जाहीर इशारा दिला आहे. युरोपीय संघात ‘हेमा’ हा त्यातला घटक असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची आहेत, आणि ‘टीपीओ’ हा दुसरा घटक सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच झाला. जेल हवंच असेल तर एखाद्या लग्नापुरतं प्रशिक्षित हातांकडून करून घ्या. काढायलाही त्यांच्याकडेच जा, सोलू नका, सोबत नखाचे थर निघतात.

साध्या नेलपॉलिशचीही क्वचित अ‍ॅलर्जी होते, आणि ती पुष्कळदा बोटांऐवजी पापण्यांवर किंवा मानेवर दिसते, कारण हात तिथे सारखा लागतो. नवा ब्रँड लावल्यावर पापण्या खाजू लागल्या तर तो पुसून टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांना तसं सांगा. ‘टेन फ्री’, ‘ट्वेल्व्ह फ्री’ (म्हणजे दहा किंवा बारा नकोसे घटक नाहीत असा बाटलीवरचा दावा) या आकड्यांना ठरावीक कायदेशीर व्याख्या नाही, त्यावर भाळू नका. लेबलवर उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि वापराची मुदत छापलेली असावी. जे फक्त सुटं, बिनलेबलचं मिळतं ते कितीही स्वस्त असलं तरी नको.

लावताना खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस किंवा निरांजन पेटलेलं असेल त्या खोलीत बसू नका; नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही पटकन पेट घेतात. बाटली घट्ट झाली तर रिमूव्हर ओतू नका, त्याने रंग बिघडतो. नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब पुरतात.

पहिल्या खरेदीत बेस कोट, साधा टॉप कोट, मॅट टॉप कोट, नकली नखांचं पाकीट, आणि रंग फक्त दोन घ्या: एक दालचिनीच्या जवळचा, एक मोरपंखी. रंगांच्या लहान बाटल्या मिळाल्या तर त्याच घ्या.