सी शार्पमध्ये केलेल्या बिलिंग प्रोग्रॅमची सेटअप फाइल कशी बनवायची?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. प्रोग्रॅम सी शार्पमध्ये, डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइलमध्ये, मित्राच्या दुकानात सगळं फोल्डर उचलून प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलं, सेव्ह करताना एरर आली, आणि मग तुम्ही लिहिता, "सध्या त्याला रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करायला सांगितलंय, काम भागतं." नाही भागत हो. या एका वाक्यापायी माझी अकरा वर्षांची पार्टनरशिप तुटली.

आधी विचारलंय तेवढं सांगून मोकळा होतो. इनो सेटअप घ्या. सेटअप फाइल बनवायचं सॉफ्टवेअर आहे, जॉर्डन रसेलचं, १९९७ पासून चालू आहे, उतरवायला पैसे लागत नाहीत. त्याचा विझार्ड प्रश्न विचारत जातो, शेवटी एक स्क्रिप्ट हातात देतो, ती कंपाइल केली की सेटअपची एक्सई तयार. रिलीज बिल्डच घाला, म्हणजे गिऱ्हाईकाला द्यायची आवृत्ती, चुका शोधायची डीबग नको. डॉटनेटच्या नव्या आवृत्तीत केलं असेल तर नुसती एक्सई नेऊन उपयोग नाही, ते खोकं आहे, माल शेजारच्या डीएलएलमध्ये असतो. पब्लिश करताना सेल्फ-कंटेन्ड निवडलंत तर रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणारा डॉटनेटचा भाग, वेगळा टाकावा लागत नाही, मात्र वजन शंभरेक एमबीच्या वर जातं. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ मध्ये केलं असेल तर विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये तो आधीच बसलेला असतो. एवढं कोणीही सांगेल. आता खरं दुखणं.

२०११ साल. नागपुरात धरमपेठेत दातांच्या दवाखान्यावर आमची एक खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक कूलर, आणि उन्हाळ्यात कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे. मी कोड लिहायचो. पार्टनर गिऱ्हाईक आणायचा, सेटअप बनवायचा आणि फोनवर सपोर्ट द्यायचा. कळमना मार्केटमधल्या संत्रा अडत्यांसाठी आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं. आवक किती, लिलावात भाव काय निघाला, त्यातून अडत, हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती. व्हीबी सिक्समध्ये, म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं. हसू नका, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट २००८ मध्येच बंद केला होता हे मलाही माहीत होतं, पण कळमन्यात ते धडाधड पट्ट्या छापत होतं.

एका सेठने नवा कॉम्प्युटर घेतला, विंडोज ७ चा. त्यावर दोन युजर केले: एक स्वतःचा, पासवर्डवाला, आणि एक दिवाणजीचा. दिवाणजी साठीचे, काटोलकडचे, एका बोटाने टाइप करणारे, पण आकडा चुकणार नाही असा माणूस. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरमध्ये यायला लागली तसे ते रोज रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसून पट्ट्या भरत होते.

जानेवारीत सेठने हंगामाचा हिशेब पाहायला स्वतःच्या लॉगिनमधून प्रोग्रॅम उघडला. कोरा. एक शेतकरी नाही, एक पट्टी नाही.

मला फोन आला तेव्हा मी सीताबर्डीत होतो, गाडी काढून कळमन्यात पोचेस्तोवर सेठचा आधी पार्टनरला फोन लावून झाला होता. पार्टनरने नेहमीचं औषध दिलं: "आयकॉनवर राइट क्लिक करा, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. आणि प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कायमचं टिक करून टाका, म्हणजे पुन्हा पुन्हा कटकट नाही." सेठने टिक केलं, मग दिवाणजीच्या लॉगिनमध्ये जाऊन आपला पासवर्ड टाकून तिथूनही उघडून पाहिलं. तिथंही कोरा! सकाळपर्यंत दिवाणजींना ज्या पट्ट्या दिसत होत्या, त्या आता त्यांनाही दिसेनात.

मी आत शिरलो तेव्हा दिवाणजी डॉट मॅट्रिक्सवर छापलेल्या पट्ट्यांच्या नकला गठ्ठ्यांनी टेबलावर मांडत होते. हात थरथरत होते. "पाहा साहेब, ह्या का माह्या बापानं छापल्या? मी कायले खोटं बोलू?" आणि सेठ माझ्याकडे न बघता म्हणाला, "छापल्या हे खरंच आहे ना. छापल्यावर पुसल्या कोणी, ते विचारून राहिलो मी."

छापून झाल्यावर नोंद पुसायची आणि रोकड खिशात घालायची, हा बाजारातला जुना आरोप आहे. बावीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसावर तो आरोप माझ्या सॉफ्टवेअरमुळे लागला होता.

विंडोजने लपवलेले फोल्डर दिसतील अशी सोय मी केली आणि सगळ्या सी ड्राइव्हमध्ये आमच्या डेटाबेसच्या नावाने शोध लावला. कॉम्प्युटर बराच वेळ घरघरला. एक फाइल सापडली, प्रोग्रॅम फाइल्समध्ये, ३१२ केबी. म्हणजे आम्ही दिलेली कोरी. मग दुसरी, सेठच्या युजरखाली, ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये. तीही तेवढीच. मग तिसरी, दिवाणजीच्या युजरखाली, तसंच फोल्डर, ११ एमबी. मी ती उघडली आणि पहिलीच पट्टी दिसली, ऑक्टोबरची. दिवाणजी खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. सेठ "बरं झालं" म्हणाला आणि फोनवर बोलत बाहेर गेला. माफी बिफी काही नाही.

झालं काय होतं, ते नीट ऐका, कारण तुमची एरर याचीच सख्खी बहीण आहे. विंडोज व्हिस्टापासून ॲडमिनच्या लॉगिनमधून उघडलेल्या प्रोग्रॅमलाही साध्या युजरएवढीच परवानगी मिळते, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. मग त्याआधी लिहिलेले हजारो प्रोग्रॅम मोडतील म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट काढली: प्रोग्रॅम जुना, ३२ बिटचा असेल आणि त्याच्यात मॅनिफेस्ट, म्हणजे आपल्याला कुठली परवानगी हवी ते विंडोजला सांगणारी चिठ्ठी नसेल, तर विंडोज त्याला म्हणतं "हो, लिहिलं," आणि गुपचूप त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये फाइलची नक्कल करून तिथं लिहितं. प्रत्येक युजरची वेगळी नक्कल. आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की ही थापेबाजी बंद होते, प्रोग्रॅम थेट मूळ फाइल उघडतो, जी आमच्याकडे कोरी होती. म्हणजे एका दुकानात तीन चोपड्या, आणि पार्टनरच्या औषधाने सगळे मूळ, रिकाम्या चोपडीवर जाऊन बसले.

तुमच्या सी शार्पच्या प्रोग्रॅममध्ये व्हिज्युअल स्टुडिओ आपणहून मॅनिफेस्ट घालतो, म्हणून विंडोज तुमच्याशी खोटं बोललं नाही, तोंडावर एरर मारली. 'ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी' अशीच होती ना? तुमच्या क्वेरीत काही खोट नाही. फाइल जिथं आहे तिथं लिहायची परवानगी नाही, एवढाच तिचा अर्थ. त्या एररचे आभार माना.

पार्टनरचं म्हणणं शेवटपर्यंत हेच: "अरे ॲडमिनने चालवलं की विषय संपला बे, गिऱ्हाईकाले काय समजते." विषय संपत नाही, सुरू होतो. रोज सकाळी पासवर्ड मागणार, म्हणजे एकतर दिवाणजीला सेठचा पासवर्ड द्या, नाहीतर दिवाणजीलाच ॲडमिन करा, मग तो त्या कॉम्प्युटरवर वाटेल ते टाकू शकतो. बॅकअप नेटवर्कच्या झेड ड्राइव्हवर जात असेल तर ॲडमिन म्हणून चाललेल्या प्रोग्रॅमला तो ड्राइव्ह बहुतेकदा दिसतच नाही. एक्सप्लोररमधून फाइल ओढून आणून सोडली तर घेत नाही. आणि का, तर सेटअपमध्ये दोन ओळी जास्त लिहायचा कंटाळा.

त्या दोन ओळी अशा. डेटाबेस प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवायचाच नाही, प्रोग्रॅमडेटा नावाच्या फोल्डरमध्ये आपलं एक फोल्डर करून त्यात ठेवायचा. इनो सेटअपमध्ये त्याला कॉमनॲपडेटा म्हणतात. इथं अर्धे लोक थांबतात आणि पुन्हा फसतात, कारण तिथं एका युजरने केलेली फाइल दुसरा युजर वाचू शकतो, बदलू शकत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या डर्स विभागात त्या फोल्डरला युजर्स-मॉडिफाय अशी परवानगी द्यायची. दुसरी ओळ फाइल्स विभागात, कोऱ्या डेटाबेसच्या पुढे: ओन्लीइफडझन्टएग्झिस्ट आणि अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल. पहिल्यामुळे नवी आवृत्ती टाकताना भरलेल्या फाइलवर कोरी फाइल चढत नाही, दुसऱ्यामुळे कोणी प्रोग्रॅम काढून टाकला तरी हिशेब जागेवर राहतो. आणि तुमच्या प्रोग्रॅममधला डेटाबेसचा पत्ता त्याप्रमाणे बदला, नाहीतर सगळं मुसळ केरात.

ॲपआयडी, म्हणजे स्क्रिप्टमधली तुमच्या प्रोग्रॅमची ओळख, एकदा ठरला की बदलू नका. २०१६ मध्ये फळं-भाजीची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम आला, आम्हाला सगळ्यांना नवी आवृत्ती द्यावी लागली, आणि पार्टनरने स्क्रिप्ट नव्याने बनवून नवा ॲपआयडी टाकला. कंट्रोल पॅनेलमध्ये आमचं नाव दोनदा दिसायला लागलं. एका हुशार पोराने "जुनं" काढून टाकलं, फोल्डर एकच होतं, नवंही गेलं. यावर आम्ही पोहे खाता खाता इतके भांडलो की तर्रीवाला मध्ये पडला.

तुमच्यासाठी अजून एक: ॲक्सेसची जुनी एमडीबी फाइल जेट ४.० या ड्रायव्हरने उघडत असाल तर बिल्ड एक्स८६, म्हणजे ३२ बिटचा ठेवा. जेटचा तो प्रोव्हायडर फक्त ३२ बिटमध्ये आहे. ६४ बिट म्हणून चाललं की 'प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड' म्हणून रडतं आणि माणूस दिवसभर नसलेला ड्रायव्हर शोधत बसतो.

सेटअप मित्राने मेलवरून किंवा नेटवरून उतरवला तर विंडोज निळी चौकट दाखवून घाबरवू शकतं. डिजिटल सही नसलेल्या फाइलला ते बहुतेकदा होतं. मोअर इन्फो, मग रन एनीवे. सहीचं सर्टिफिकेट दरवर्षी पैसे खातं आणि २०२३ च्या जूनपासून त्याची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. एका मित्राच्या दुकानासाठी त्या भानगडीत पडू नका.

आता दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. एक, एकच माणूस, एकच युजर, डेटा त्याचा एकट्याचा, असं असेल तर एवढं काही लागत नाही, युजरच्याच फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा, ॲडमिनचा पासवर्डही मागणार नाही. दुसरी, सेटअप पार्टनरचा होता हे खरं, पण डेटाबेस प्रोग्रॅमशेजारी शोधायची ओळ कोडमध्ये मी लिहिली होती. ॲप डॉट पाथ, म्हणजे प्रोग्रॅम जिथं आहे ते फोल्डर. २००४ मध्ये एक्सपीवर लिहिली, चालली, पुन्हा पाहिली नाही. भांडणात मी ती कधी काढली नाही, त्याला व्हीबी येत नव्हतं म्हणून त्यानेही नाही.

सेटअप तयार झाला की ज्यावर प्रोग्रॅम लिहिला त्या कॉम्प्युटरवर तपासू नका. दुसरा घ्या, त्यावर दोन साधे युजर करा, एकातून बिल टाका, दुसऱ्यातून उघडून बघा दिसतं का. आमच्या दिवाणजींनी त्या जानेवारीनंतर कॉम्प्युटरवर भरलेली प्रत्येक पट्टी लाल वहीतही उतरवायला सुरुवात केली, आणि मी डेटाबेस प्रोग्रॅमडेटात हलवून दिला तरी ती वही काही बंद केली नाही.