उठायची तयारी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. ठाण्याच्या राम मारुती रस्त्यावरच्या हॉटेलात रविवारी रात्री अडीच वर्षांच्या पोराने पाण्याचा ग्लास आडवा केला, मग भोकाड पसरले, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वळवून पाहिले, तू घाईघाईने मोबाइल पुढे केलास आणि परतताना रिक्षात सूनबाई एक शब्दही बोलली नाही. आता तू विचारतोस की, पोरगा पाच वर्षांचा होईपर्यंत बाहेर जेवणे बंदच करावे काय. अजिबात करू नकोस. फक्त जाशील तेव्हा उठायच्या तयारीने जा.

तुम्ही साडेआठला पोहोचलात, दाराशी नाव लिहून पाऊण तास उभे राहिलात आणि आत गेल्यावर सिझलर मागवलात. यात पोराचा काय दोष? त्याची भूक साडेसातला होऊन गेली, झोपेची वेळ टेबलावर आली आणि वर लाकडी पाटावरची ती चरचरणारी लोखंडी थाळी त्याच्या हाताच्या अंतरावर येऊन बसली. साडेसहाला उडप्याकडे जाऊन बसला असतास तर पाच-सात मिनिटांत इडली समोर आली असती, ती कुस्करून गार करता आली असती, आणि त्याचा धीर सुटेपर्यंत तुम्ही कॉफी संपवून उठला असतात. सांबाराची वाटी तेवढी टेबलाच्या मधोमध सरकवावी, आणि कोणी मसाला शेंगदाणे आणून ठेवले तर ते परत पाठवावेत, कारण चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो. मामलेदारच्या झणझणीत मिसळीसाठी त्याला अजून अवकाश आहे. ती तुम्ही दोघांनी खावी.

मोबाइलवर मी प्रवचन देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगून ठेवले आहे की, दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक नको. हे तुला माझ्याआधी ठाऊक असेल. माझी तक्रार निराळी आहे. मोबाइल लावला की पोरगा नव्हे, तुम्ही बसून राहता. जे टेबल चाळिसाव्या मिनिटाला सोडायला हवे होते ते दोन तास धरून ठेवता, आणि पडदा काढून घेतला की उशीर, भूक आणि झोप तिन्ही एकदम रडू लागतात. म्हणून पुन्हा सांगतो, उठता आले पाहिजे. उरलेले अन्न बांधून मिळते.

हे मला फार उशिरा कळले. माझी मुलगी तीन वर्षांची असताना धाकट्या भावाच्या बढतीनिमित्त आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. जेवण येता येईना. ती बडीशेपेच्या वाटीतले खडीसाखरेचे खडे वेचून टेबलावर ओळीने मांडत होती. खडे संपले तशी रडू लागली. पत्नी म्हणाली, मी हिला घेऊन बाहेर जाते. मी म्हणालो, बस, येईलच आता, आणि टेबलाखालून पोरीच्या मांडीला चिमटा काढला. ती गप्प झाली. पुढे पाऊण तास, रोटीचा एक तुकडा तोंडात तसाच धरून, ती माझ्याकडे न बघता बसून राहिली. त्यानंतर तीन वर्षे मी तिला कुठल्याही हॉटेलात नेले नाही. मुलांना बाहेरचे सोसत नाही, असे मी सर्वांना सांगत असे. मी माझी अब्रू सांभाळत होतो, असे पत्नी आजही म्हणते. ते अगदीच खोटे नाही. पण त्या काळी पगारात महिन्यातून एकदाच हॉटेल परवडायचे, आणि ती एक संध्याकाळ नासू नये असे वाटणाऱ्या माणसाला तू तरी फार दोष देऊ नयेस.

शेजारच्या बाईंच्या नजरेचे म्हणशील, तर ती सोसावी. सांडलेले पाणी पुसायला फडके मागावे, वेटरला दोन शब्द नीट बोलावे, एवढी सभ्यता पुरे आहे. मात्र पोरगा टेबलांमधून धावू लागला आणि समोरून गरम वाट्यांचा ट्रे येत असला, तर "लहान आहे हो" म्हणत हसत बसू नकोस. तिथेही उठायचेच, आणि ताबडतोब.

उठायचे कोणी, हे तू विचारले नाहीस. आमच्याकडे दर वेळी पत्नीच उठली. एवढी वर्षे तिने बाहेरचे जेवण गारच खाल्ले आणि ते माझ्या ध्यानातही आले नाही. येत्या रविवारी साडेसहाला जा. पोरगा चुळबुळू लागला की रडण्याची वाट न पाहता तू त्याला कडेवर घे, तलावपाळीवर नेऊन होड्या दाखव, आणि सूनबाईचा डोसा संपल्याचा फोन आल्याशिवाय परत येऊ नकोस.

तुझा,
काका