फोकस मागे-पुढे पडतोय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, निकॉन डी७५०० आणि ५० एमएम एफ १.८ वापरतो. पोर्ट्रेटमधे फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवला तरी कान शार्प येतात आणि डोळे मऊ. लेन्स परत करू का?

उत्तर : घाई करू नका. आधी एवढंच बघा की चूक दरवेळी मागेच होतेय का. कधी कान, कधी नाक असं येत असेल तर कॅमेऱ्यात दुरुस्तीचा आकडा टाकून काही होणार नाही, कारण तो आकडा सगळ्याच फोटोंना लागणार. पण कायम कानच येत असतील तर तो बॅक फोकस, म्हणजे फोकस विषयाच्या मागे पडणं, आणि तो बहुतेक वेळा घरच्या घरी सुटतो.

डीएसएलआरमधे (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडरने, म्हणजे वरच्या खिडकीला डोळा लावून, फोकस करता तेव्हा तो मोजणारा सेन्सर वेगळा असतो, कॅमेऱ्याच्या तळाशी, मोठ्या आरशामागच्या छोट्या आरशावरून उजेड तिथं जातो, आणि फोटो मात्र पडतो मुख्य सेन्सरवर. या दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक असला की फोकस सरकला. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढताना, मुख्य सेन्सरच फोकस बघतो, म्हणून तिथं ही भानगड नसते.

आता टेस्ट. कॅमेरा ट्रायपॉडवर, अडीच मीटरवर बारीक छपाईचं एखादं खोकं सरळ उभं करा (फोकल लेंग्थच्या साधारण पन्नासपट अंतर धरायचं), शेजारी ४५ अंशात तिरपी पट्टी, तिचा मधला आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या बरोबर रेषेत. अपर्चर (लेन्सचं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं, दिवसाचा चांगला उजेड, आणि क्लिक टायमरवर. पॉइंट खोक्यावर ठेवायचा, पट्टीवर नाही, तिरप्या पट्टीवर कॅमेरा गोंधळतो. पहिला फोटो लाइव्ह व्ह्यूने, मग दहाएक व्ह्यूफाइंडरने, दरवेळी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवून. लाइव्ह व्ह्यूचा नीट आणि बाकी सगळे मागे, असं दिसलं तर सेटअप मेन्यूत एएफ फाइन-ट्यून (फोकस पुढे-मागे सरकवायची सोय) उघडा, उणे २० ते अधिक २० असा पल्ला मिळतो. तुमचा फोकस मागे जातोय म्हणून उणे बाजूला जायचं, उणे ५ पासून सुरू करा आणि परत टेस्ट घ्या. लाइव्ह व्ह्यूचा फोटोही मऊच आला तर मात्र लेन्स दाखवायलाच लागेल.

प्रश्न : माझा कॅनन १५००डी आहे, त्यात हा ऑप्शनच सापडत नाही.

उत्तर : नाहीच आहे त्यात, सुरुवातीच्या किमतीच्या बॉडीत देत नाहीत. लेन्स सिग्माच्या आर्ट, कंटेम्पररी किंवा स्पोर्ट्स मालिकेतली असेल तर यूएसबी डॉक (लेन्स कॉम्प्युटरला जोडून फोकस दुरुस्त करायचं उपकरण) मिळतो, टॅमरॉनच्या बऱ्याच नव्या लेन्सना तसाच टॅप-इन कन्सोल, आणि त्यात वेगवेगळ्या अंतरांना वेगवेगळी दुरुस्ती करता येते, जे कॅमेऱ्यातल्या एका आकड्याने जमत नाही. कॅननचीच लेन्स असेल तर सर्व्हिस सेंटरला बॉडी आणि लेन्स दोन्ही न्या, एकटी लेन्स देऊन अर्धंच काम होतं. तोवर स्थिर विषय लाइव्ह व्ह्यूत काढा.

प्रश्न : घरी टेस्ट बरोबर येते, पण हळदीच्या कार्यक्रमात ८५ एमएम एफ १.८ ने निम्मे फोटो जातात. फुल फ्रेम डीएसएलआर आहे, मधल्या पॉइंटने डोळा लॉक करून मग कॅमेरा फिरवून फ्रेम लावतो.

उत्तर : मग गडबड फ्रेम लावण्यातच आहे. दीड मीटरवर या लेन्सला शार्प पट्टा मिळतो जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. लॉक करून कॅमेरा १० अंश फिरवला की फोकस डोळ्याच्या सव्वादोन सेंटिमीटर मागे जातो, आणि पट्टा फोकसच्या पुढे-मागे निम्मा-निम्मा असतो, म्हणजे डोळा पट्ट्याच्या बाहेर! त्यात नवरी हसताना पुढे झुकते, तुम्ही पण श्वासाबरोबर हलता. डोळ्याजवळचा पॉइंट निवडा आणि कंटिन्युअस फोकस (विषय हलला तरी कॅमेरा फोकस बदलत राहतो) ठेवा, अपर्चर एफ २.८ करा. आणि मांडवातल्या पिवळ्या बल्बचा उजेड फोकस सेन्सरला दिवसाच्या उजेडापेक्षा वेगळा दिसतो, त्यानेही फोकस थोडा सरकतो, तेव्हा कार्यक्रम सुरू होण्याआधी तिथंच दोन-चार फोटो काढून मोठे करून बघा.

प्रश्न : मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा आणि २००-६०० एमएम झूम लेन्स घेतली, तरी भिगवणचे फ्लेमिंगो सगळे मऊ आले. दुपारी बाराला गेलो होतो.

उत्तर : लेन्स चांगली असणार हो, विकू नका! मिररलेसमधे फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे वरचा आरशाचा दोष तिथं येतच नाही. उन्हात पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याची पिसं त्या थरातून विरघळल्यासारखी दिसतात, ते कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. स्वस्त फिल्टर लावला असेल तर काढून टाका. उजाडता उजाडता होडीत बसा, पण पक्षी उडतील इतकं जवळ नेऊ नका म्हणून नावाड्याला आधीच सांगून ठेवा.