‘हेवी मेटल’, ‘ब्लूज’ आणि निळी भुतं

प्रश्न : ‘हेवी मेटल’ या दणदणीत रॉक प्रकाराला मराठीत ‘जडधातू संगीत’ म्हणावं का? हे नाव इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांवरून पडलं असं वाचलं, ते खरं का? शिवाय त्याचं मूळ अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आहे म्हणतात. ब्लूज म्हणजे संथ, उदास गाणी. त्यातून हा दणदणाट कसा निघाला?

उत्तर : ‘जडधातू संगीत’ कृपा करून नको. जडधातू म्हणजे शिसं, पारा, कॅडमियम. ‘हेवी मेटल’ आहे तसंच चालू द्या. फक्त मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीकडे बोट दाखवून ‘काय हेवी मेटल लावलंय’ म्हणणाऱ्यांना कुणीतरी आवरा. मोठा आवाज म्हणजे मेटल नव्हे.

कारखान्याची गोष्ट नावापुरती खोटी आहे. ‘ब्लॅक सबाथ’ ही मेटलची आद्य मंडळी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, आणि त्यांच्या गिटारवादक टोनी आयोमीची उजव्या हाताची दोन बोटं पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी टोकाला तुटली, इथवर खरं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, पातळ तारा चढवल्या आणि पुढे १९७१च्या रेकॉर्डवर गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, तारा सैल पडाव्यात म्हणून. आवाज खोल झाला तो त्यातून. पण नाव त्याआधीच छापून आलं होतं, तेही अमेरिकेत.

आता नावाचं श्रेय. ते सर्रास लेस्टर बँग्ज या रॉक-समीक्षकाला दिलं जातं आणि लोक डोळे झाकून उतरवून घेतात. पण १९६८च्या मे महिन्यातच ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकात बॅरी गिफर्डनं ‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ या बँडवर लिहिताना गोऱ्यांचा ब्लूज आणि ‘हेवी मेटल रॉक’ यांचा मिलाफ, अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. हा बँड माइक ब्लूमफील्डचा, म्हणजे शिकागोच्या ब्लूजमध्ये मुरलेल्या माणसाचा. दोन्ही शब्द एकाच वाक्यात! त्याच वर्षी एका गाजलेल्या गाण्यात ‘हेवी मेटल’चा गडगडाट आला, पण तो मोटरसायकलचा. १९७०च्या नोव्हेंबरात त्याच नियतकालिकात माइक साँडर्सनं हा शब्द चक्क शिवीसारखा वापरला. त्याआधी विल्यम बरोजच्या कादंबरीतलं ‘हेवी मेटल किड’ हे पात्रही आहे. आणि सगळ्याच्या तळाशी जुनी इंग्रजी तोफ. मोठ्या तोफांना आणि गोळ्यांना ‘हेवी मेटल’ म्हणत, आणि त्यावरून दबदबा असलेल्या माणसालाही. आपण फर्ड्या वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो, ते काय वेगळं आहे? (ती तोफ विजापूरची म्हणून सांगतात. आज आहे तिथेच, पण ओतली अहमदनगरला, १५४९मध्ये.)

असो. मला खरं बोलायचंय ते ‘ब्लूज’बद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली ‘संथ, उदास गाणी’ वाचून माझं डोकं फिरलं. ‘मंडे ब्लूज’ म्हणणाऱ्या ऑफिसवाल्यांनी हा शब्द पार नासवला आहे. एका पुरवणीत ‘निळे संगीत’ असं भाषांतरही पाहिलं. ते वाचून मराठी माणसाला कुठल्या निळ्या चित्रफिती आठवतील, याचा विचार कुणी केला नाही.

‘ब्लू’ हा रंग आहे, पण ‘ब्लूज’ हा रंग नाही. ते ‘ब्लू डेव्हिल्स’चं तुटकं रूप. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत मन खचलेल्या माणसाला ‘निळे सैतान’ छळतात असं म्हणत. दारू सुटताना दारुड्याला जे भास होतात, तेही हेच. १७९८मध्ये लंडनच्या रंगभूमीवर या नावाचं प्रहसनच झालं. पुढे ‘डेव्हिल्स’ गळाले आणि ‘द ब्लूज’ उरलं. शार्लट फोर्टन ही कृष्णवर्णीय शिक्षिका साउथ कॅरोलायनात मुक्त झालेल्या गुलामांना शिकवायची. तिनं डिसेंबर १८६२च्या रोजनिशीत लिहिलंय की सगळे आनंदात होते, पण मी ‘ब्लूज’ घेऊन घरी आले. गाण्यांच्या छापील स्वरलिपींवर हा शब्द ठळकपणे झळकला तो १९१२मध्ये, डब्ल्यू. सी. हँडी वगैरेंच्या. म्हणजे शब्द आधी, गाणं नंतर.

नीळवाले इथे हमखास हात वर करतात : गुलाम नीळ पिकवत, सुतकाचे कपडे निळीत बुडवत, म्हणून ब्लूज. आपल्याकडे हे फार आवडतं, कारण ‘इंडिगो’ या शब्दातच भारत आहे. आवडणं हा पुरावा नव्हे. गाण्यांना नाव मिळण्याच्या शंभर वर्षं आधीपासून निळे सैतान छापील इंग्रजीत नांदत असताना निळीचं शेत कशाला हवं?

आणि मग बघा गंमत. मेटलवाल्यांनी सैतान बाहेरून आणला असं जो तो म्हणतो. अहो, तो नावातच बसलेला होता! कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ब्लूजला ‘सैतानाचं संगीत’ म्हणत. सन हाउस हा गायक धर्मोपदेशकी आणि ब्लूज यांच्यात आयुष्यभर हेलपाटत राहिला. रात्री चव्हाट्यावर जाऊन सैतानाकडून गिटार शिकण्याची कथा आज रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजवाल्याच्या नावावर खपते, पण ती आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूजवाल्याबद्दल सांगितली जायची. चव्हाट्यावर उतारा टाकणाऱ्या आपल्या गावांना हे समजवायला नको.

यावर कुणी म्हणेल, ब्लॅक सबाथच्या त्याच नावाच्या गाण्यातली ती भेसूर जागा होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ‘मार्स’ या वाद्यवृंद रचनेवरून सुचली. बासवाला गीझर बटलर ते वाजवत बसायचा, कबूल. पेटी असेल तर काढा : सा, मग वरचा सा, मग तीव्र मध्यम. झाली ती रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. चर्चनं मध्ययुगात सा ते तीव्र मध्यम या स्वरांतरावर बंदी घातली होती हे मात्र थोतांड, ‘संगीतातला सैतान’ हे त्याचं नाव अठराव्या शतकातल्या ग्रंथांमधलं. यमनात हाच तीव्र मध्यम किती गोड लागतो! ब्लूजमध्ये तो कोमल ग आणि कोमल नी यांच्या सोबतीनं येतो, तार खेचून घेतलेला, सतारीच्या मींडेसारखा, आणि लगेच पंचमाला किंवा खाली शुद्ध मध्यमाला टेकतो. आयोमी त्याला टेकू देत नाही, तिथेच थरथरत ठेवतो. स्वर होल्स्टचा असेल, पण एकच तुकडा एका जागी घोळवत गाणं उभं करायची खोड हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाची. त्याचं १९५६चं ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ ऐका, पूर्ण गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकाच स्वरसमूहावर. आणि सबाथचं पहिलं नाव काय होतं? ‘पोल्का टल्क ब्लूज बँड’, साल १९६८.

दणदणाटाचं म्हणाल तर शिकागोच्या गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून ती ॲम्प्लिफायरला जोडली गेली. शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स १९५८मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा साधी लोकगीतं ऐकायला आलेले श्रोते त्या आवाजानं बिचकले. त्यानंच १९६२मध्ये विली डिक्सनचं एक गाणं गायलं. लेड झेपेलिन या इंग्रजी रॉक बँडच्या १९६९च्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये त्याचे शब्द आले, डिक्सननं १९८५मध्ये दावा लावला आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. मेटलच्या ब्लूजशी असलेल्या नात्याची याहून पक्की नोंद कुठली हवी?

तेव्हा ‘एक ब्लू’ किंवा ‘ब्लू संगीत’ असं लिहू नका. तो शेवटचा ‘ज’ हा गळून पडलेल्या सैतानांचं अनेकवचन आहे. मी तरी ‘त्यानं ब्लूज गायले’ असंच लिहितो. ‘ब्लूज गायला’ लिहिणाऱ्यांनी कारण द्यावं.