बंद खाणीलगतची जमीन : परीक्षण कशाचे करून घ्यावे?

प्रश्न : आमच्या शेताच्या वरच्या अंगाला शिसे आणि जस्ताची खाण होती. ती बंद पडून बरीच वर्षे झाली, पण खनिज काढून उरलेल्या गाळाचे ढीग तसेच आहेत. माती परीक्षणाचा अहवाल चांगला आला असून पीकही हिरवेगार दिसते. अशा जमिनीत भाजीपाला घ्यावा का? सूर्यफूल लावल्याने जमीन शुद्ध होते, हे खरे आहे का?

उत्तर : पीक हिरवेगार दिसते, एवढ्यावर कृपया विसंबू नका. जस्त किंवा तांबे अति झाले की रोपे पिवळी पडतात, खुरटतात. कॅडमियम हा विषारी धातू मात्र माणसाला घातक ठरेल इतका पानांत साठला तरी रोप टवटवीत राहू शकते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे भातखाचरे दूषित झाली आणि तो तांदूळ वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडून हाडे ठिसूळ झाली. इताई-इताई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचे कारण खाणीतील कॅडमियम असल्याचे तेथील सरकारने 1968 मध्ये मान्य केले. शेतांतील माती सुधारण्याचे 1979 मध्ये सुरू झालेले काम त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ चालले.

आपल्या अहवालाविषयी सांगायचे तर, नेहमीच्या परीक्षणात सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे ते), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद आणि पालाश पाहतात. शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक त्यात मोजलेच जात नाहीत. ते स्वतंत्रपणे मागून घ्यावे लागतात आणि प्रत्येक धातूचे दोन आकडे मागावेत : मातीतील एकूण प्रमाण आणि पिकाला उपलब्ध होणारे प्रमाण. माझ्या मते दुसरा आकडा अधिक बोलका असतो, कारण एकूण शिसे सारखेच असलेल्या दोन शेतांपैकी एकात ते घट्ट बांधलेले, तर दुसऱ्यात सहज विरघळणारे असू शकते.

हा फरक बऱ्याच अंशी सामूवर ठरतो. गाळाच्या ढिगात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असेल तर हवा आणि पाणी लागून त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि काही जिवाणू ही क्रिया कितीतरी वेगाने घडवतात. खाण बंद झाली म्हणून ती थांबत नाही. ढिगाखालच्या ओहोळातील दगडांवर नारिंगी-पिवळा थर बसलेला दिसला, किंवा कोरड्या दिवसांत कडेला पांढरट क्षारांची पापडी धरलेली आढळली, तर ते पाणी शेतात येऊ न देणे हे पहिले काम समजावे. नमुने घेताना ओहोळाकाठची माती शेताच्या इतर मातीत मिसळू नका, कारण सरासरीत नेमकी धोक्याची जागा लपून जाते. जस्ताचा मुलामा दिलेले खुरपे किंवा बादलीही वापरू नका.

माती आम्लयुक्त निघाली तर चुना घालून सामू वाढवता येतो आणि त्याने कॅडमियम, जस्त व शिसे बरेचसे बांधले जातात. आर्सेनिकच्या बाबतीत मात्र सामू वाढवणे किंवा स्फुरदयुक्त खत अधिक घालणे उलट ते मोकळे करू शकते. म्हणून अहवाल हाती येण्यापूर्वी चुना टाकण्याची घाई करू नये. तोवर पालेभाज्या आणि कंदमुळे घेऊ नका. पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात, तर कंदांच्या सालीला दूषित माती चिकटून राहते.

शिशाचा धोका मात्र ताटापेक्षा धुळीतून अधिक असतो. झांबियातील काब्वे येथील शिसे-जस्ताची खाण 1994 मध्ये बंद झाली, तरी तेथील मुलांच्या रक्तात आजही शिसे धोकादायक प्रमाणात आढळते. लहान मुले मातीत खेळतात, हात तोंडात घालतात, आणि त्यांचे शरीर मोठ्यांपेक्षा शिसे अधिक शोषते. मुलांना ढिगांवर खेळू देऊ नका, तो गाळ अंगणात किंवा बांधकामात वापरू नका आणि शेतातील चपला घराबाहेरच ठेवा. मुले तेथे खेळत आली असतील, तर त्यांच्या रक्तातील शिसे तपासून घ्या.

सूर्यफूल काही धातू शोषते हे खरे. पण एका हंगामात निघणारे प्रमाण इतके अल्प असते की जास्त दूषित जमीन त्याने स्वच्छ व्हायला अनेक दशके लागतील. शिवाय धातू त्या झाडातच राहतात, त्यामुळे कापलेली झाडे जनावरांना घालणे किंवा त्यांचे कंपोस्ट करणे म्हणजे ते पुन्हा फिरते करणे होय. चुना घातल्यावरही वरून आम्लयुक्त पाणी येत राहिले तर सामू पुन्हा उतरतो, म्हणून निदान दरवर्षी तो तपासून घ्यावा.